हाड, छू आणि रामराम

चकलांब्यात प्रत्येक जनावराचा हिशेब ठरलेला असतो. बैल औताला, म्हैस डेअरीला, शेळी अडीनडीला विकायला, कोंबडी जावई आला की कापायला, मांजर उंदरांपुरतं. कुत्र्याच्या नावावर राखणीचं खातं आणि त्याबदल्यात रात्रीची उरलेली भाकर. पशुधन पर्यवेक्षक म्हणून बीड जिल्ह्यातल्या निरनिराळ्या दवाखान्यांत माझी नोकरी गेली, त्यामुळे हा हिशेब मला तोंडपाठ आहे. म्हैस आटली की माणूस भर उन्हात चालत यायचा. शेळीला आंत्रविषार झाला की रात्री दोनला दार वाजायचं. कुत्रं मात्र दोनच कारणांनी यायचं: गाडीखाली सापडलं म्हणून, नाहीतर कुणाला चावलं म्हणून. दुसऱ्या कारणानं आलेल्या मंडळींना आधी विचारावं लागे, की बाबा, तू पाळणारा की चावून घेणारा?

निवृत्त झालो त्या पावसाळ्यात पऱ्हाट्यांच्या गंजीखाली एक पिल्लू सापडलं. गावठीच, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव ठेवलं मोत्या, कारण दुसरं काही सुचलं नाही. हाताला काम नव्हतं आणि घरात ऐकून घेणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याला एकेक गोष्ट शिकवत गेलो. एक दिवस सकाळी ओट्यावर बसलेलो असताना रस्त्यानं जाणाऱ्या एका पाहुण्यानं मला रामराम घातला. माझ्याआधी मोत्यानं उजवा पाय उचलला. पाहुणा थबकला, हसला, पुन्हा एकदा रामराम घालून त्यानं खात्री करून घेतली. मग गंभीर होऊन म्हणाला, “समदं ठीक हाय डाक्टर, पर ह्याचा उपेग काय?”

उपयोग काही नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलं नाही आणि खरं म्हणजे मलाही उत्तर अर्धंच वाटलं. उरलेलं अर्धं उत्तर देण्यासाठी ही पुस्तिका लिहिली. त्यामुळे ही प्रस्तावना थोडी लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ पहिल्या खेळाचं पान उघडावं, हातात भाकरीचा तुकडा घ्यावा आणि सुरू करावं. कुत्र्याला प्रस्तावना लागत नाही.

कुत्र्याशी बोलायला आपल्याकडे शब्द किती आहेत, ते मी एकदा मोजले. यू यू, हाड आणि छू. पहिला जवळ बोलावतो, दुसरा हाकलतो, तिसरा दुसऱ्याच्या अंगावर सोडतो. संपलं. हजारो वर्षं दारात बसलेल्या प्राण्याशी आपला एवढाच संवाद! त्यातही ‘हाड’ दिवसातून पन्नास वेळा आणि ‘यू यू’ एकदा, रात्री भाकर टाकताना. बैलाचं बघा. चालायचं, थांबायचं, वळायचं, मागं सरायचं, तास धरायचं, या सगळ्याला वेगळा शब्द आहे, वेगळा सूर आहे आणि पाठीवर हात ठेवायची वेगळी तऱ्हा आहे. नवा गोऱ्हा औताला धरायचा तर जुन्या जाणत्या बैलाशेजारी जुंपतात, पहिल्या दिवशी दोनच तासं घालतात आणि संध्याकाळी पेंडेचा एक गोळा जास्त देतात. जनावर शिकवण्याची विद्या आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. ती आहे, फक्त कामाच्या जनावरापुरती ठेवलेली आहे.

कुत्र्याबद्दल तर भाषेनंच निकाल देऊन टाकला आहे. कुत्र्याचं शेपूट नळकांड्यात घातलं तरी वाकडं ते वाकडंच. ही म्हण मला इतक्या लोकांनी ऐकवली, की शेवटी मी तिच्यावर विचार केला. मुळात शेपूट सरळ करायला निघालं कोण आणि कशासाठी? ते वाकडं आहे, हलतं आहे, कधी पोटाखाली जातं, कधी काठीसारखं ताठ होतं, म्हणूनच कुत्र्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं. शिकवताना मी तुकड्याकडे कमी आणि शेपटीकडे जास्त बघतो. शेपूट खाली गेलं की त्या दिवसाची शाळा सुटली.

देवाधर्मात मात्र कुत्र्याची जागा आपल्या बोलण्यापेक्षा वरची आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद मानले जातात. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रं धावतं. बीड शहराजवळच्या टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे, दोन उंच दीपमाळांचं. तिथं जाणारा भाविक वाटेत आडव्या आलेल्या कुत्र्याला लाथ घालायला मागेपुढे बघत नाही, आणि गाभाऱ्यात त्याच्याच जातभाईला हळद वाहतो. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवत, कोटंब्यात भिक्षा घेत आणि काही विधींत कुत्र्यासारखे भुंकतही. माणूस कुत्र्याची नक्कल करतो आहे, तीही भक्तीनं. उलट बाजूनं कुत्र्याला माणसाचा नमस्कार शिकवला तर त्यात एवढं वावगं काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

नामदेवांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकत मोठे झालो. कुत्र्यानं भाकर पळवली आणि कोरडी कशी खाईल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले. कीर्तनकार तिच्यातून भूतमात्रातला देव काढतात, तो काढावाच. माझ्या धंद्याच्या नजरेला मात्र तिच्यात एक चूकही दिसते. पळणाऱ्या कुत्र्याच्या मागे कधी धावू नये. त्याला तो खेळ वाटतो आणि ते दुप्पट पळतं. नामदेवांना काही शिकवायचं नव्हतं, तूप द्यायचं होतं, म्हणून त्यांना ते चालून गेलं. तुमची चप्पल घेऊन पळालेल्या कुत्र्याला मात्र पाठ दाखवा, ‘यू यू’ करत उलट्या दिशेनं पळा. बहुतेक वेळा ते चप्पल तोंडात धरून तुमच्या मागे येतं. ‘आण’ हा खेळ मी मोत्याला असाच शिकवला, चपलेवर. आणि गोदावरीपलीकडे पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले असं मानणाऱ्या मुलखात राहून, जनावर शिकत नसतं असं म्हणणं आपल्याला शोभतही नाही.

करमणुकीसाठी कुत्री बाळगणं नवं नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींची त्यात जंत्री आहे आणि त्यात ‘सारमेयविनोद’ येतो. सारमेय म्हणजे कुत्रा. राजाचा विनोद अर्थात शिकारीचा आणि झुंजीचा होता, त्यात कुत्र्याला कितपत विनोद वाटत असेल ते सांगता येत नाही. पण आपल्या या भागावर राज्य करणाऱ्या घराण्यानं नऊशे वर्षांपूर्वी त्यावर लिहून ठेवलं आहे, हे त्या पाहुण्याला सांगायला हवं होतं.

गावात जनावराचा खेळ म्हटला की अजूनही नंदीबैल आठवतो. झूल पांघरलेला, शिंगांना गोंडे, पुढे गुबूगुबू वाजवणारा मालक. “यंदा पाऊस पडंल का रं?” आणि बैल मान हलवतो. बीडसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला किती वजन आहे ते सांगायला नको. लहानपणी मी त्या बैलाला देव मानत होतो. नोकरीत लागल्यावर नीट पाहिलं, तर बैल पावसाकडे नाही, मालकाच्या हाताकडे आणि वाजणाऱ्या तालाकडे बघत होता. वाजवण्यात बारीक फरक पडला, दोरीला किंचित ओढ बसली, की मान हलायची. मला तेव्हा मालकाची लबाडी दिसली. आता दिसते ती कारागिरी. गर्दीत, ढोलाच्या आवाजात, पोरांच्या गोंगाटात एवढ्या बारीक खुणेवर बैल चुकत नाही, म्हणजे त्या दोघांनी किती सकाळी एकत्र घालवल्या असतील!

याच गोष्टीचं जर्मन रूप जगभर गाजलं. १९०४ च्या सुमाराला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा. त्याचा मालक फॉन ऑस्टेन गणिताचा शिक्षक होता आणि तो लबाड अजिबात नव्हता. बेरीज विचारली की घोडा बरोबर तितक्या वेळा टाप आपटायचा. ऑस्कर फुंगस्ट या अभ्यासकानं १९०७ मध्ये उलगडा केला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला विचारणारा दिसत नसेल, तर घोडा चुकायचा. उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याचं अंग नकळत ताठायचं, आकडा गाठला की सैल पडायचं, आणि घोडा ते वाचून थांबायचा. मालकालाही आपण खूण करतो हे ठाऊक नव्हतं.

कुत्र्याला शिकवायला बसण्यापूर्वी हान्सची गोष्ट दोनदा वाचावी. आपण समजतो कुत्रं आपला शब्द ऐकतंय. ते आपला खांदा, भुवई आणि खिशाकडे जाणारा हात बघत असतं. मोत्या ‘बस’ म्हटल्यावर बसतो याचा मला भारी अभिमान होता. एकदा मी दाराआडून, तो मला पाहू शकणार नाही अशा जागी उभा राहून ‘बस’ म्हणालो. मोत्या उभाच, मान तिरपी करून दाराकडे बघत. तीन आठवडे मी त्याला शब्द शिकवला असं समजत होतो आणि त्यानं शिकली होती ती माझी पुढं झुकण्याची ढब. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक खेळात आधी हाताची खूण येते आणि शब्द मागाहून. खूण त्याला लवकर कळते. ती पक्की झाली की खुणेच्या क्षणभर आधी शब्द म्हणायचा आणि हळूहळू खूण लहान करत न्यायची.

सर्कशीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्राला तिचा अभिमान आहे आणि असावा. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेले दामू धोत्रे वाघसिंहांचे खेळ करत अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोचले. पण सर्कस म्हटली की पोराच्या हातात आधी चाबूक येतो, म्हणून घरातल्या शिकवणीला मी तिचा नमुना ठेवत नाही. सरकारनंही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले. कुत्रा त्या यादीत नाही. ओट्यावर मोत्यानं रामराम केला तर कुणी विचारत नाही, तिकीट लावून खेळ करायचा तर मात्र नोंदणी लागते. त्याच कायद्यात जनावराला मारहाण हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला आहे १० ते ५० रुपये. एवढ्यात हल्ली भेळ येते. तेव्हा कायद्याच्या भीतीनं काठी खाली ठेवा असं मी म्हणत नाही. काठीनं कुत्रं शिकत नाही म्हणून ठेवा. मार खाल्लेलं कुत्रं ‘बस’ म्हटल्यावर बसतं ते अंग चोरून, आणि अंग चोरणारं कुत्रंच एक दिवस पोराच्या हाताला दात लावतं. चावून दवाखान्यात आलेल्या कितीतरी कुत्र्यांच्या पाठीवर मी वळ पाहिले आहेत.

मग काय करायचं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी डिसेंबर १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात जनावरांना कसं शिकवावं यावर एक लेख लिहिला, घरातल्या सामान्य माणसासाठी. त्यातली मुख्य गोष्ट वेळेची आहे. कुत्र्यानं बरोबर केलं त्याच क्षणी त्याला ते कळलं पाहिजे. आपण खिसा चाचपून तुकडा काढेपर्यंत ते बसून, उठून, कान खाजवून मोकळं झालेलं असतं, आणि तुकडा मिळतो तो कान खाजवल्याबद्दल. म्हणून मध्ये एक आवाज ठेवायचा, कट्‌कट् करणाऱ्या खेळण्याचा. आवाज झाला की तुकडा मिळणार हे आधी शिकवायचं, मग तो आवाज नेमक्या क्षणावर टाकायचा. तुकडा दोन पळं उशिरा आला तरी चालतो.

असं खेळणं चकलांब्यात कुठं शोधणार? खटक्याचा बॉलपेन चालतो. मी जिभेचा ‘टक्’ वापरला, तो फुकट असतो आणि हरवत नाही. फक्त आधी गोठ्याकडे बघावं. आमच्याकडे बैलाला चालायला सांगताना तोच आवाज काढतात. मोत्या बरोबर बसला, मी आनंदानं टक् केलं आणि शेजाऱ्याची दावणीला नसलेली जोडी निवांतपणे रस्त्याला लागली. ती परत आणण्यात आमची दोघांची सकाळ गेली. त्यानंतर मी ‘टक्’ सोडून ‘वाऽ’ म्हणायला लागलो.

स्किनर यांच्याच दोन शिष्यांनी, ब्रेलंड पतिपत्नींनी, पुढे व्यवसाय म्हणून हजारो जनावरं शिकवली आणि १९६१ मध्ये प्रामाणिकपणे आपल्या फजितीची हकिगत छापली. डुकराला त्यांनी लाकडी नाणं उचलून गल्ल्यात टाकायला शिकवलं. काही आठवडे बरं चाललं. मग डुक्कर नाणं गल्ल्याकडे नेईनासं झालं. वाटेतच खाली टाकायचं, नाकानं उकरायचं, उडवायचं, पुन्हा उकरायचं. मातीत मुळं उकरणाऱ्या जातीचं ते, शेवटी जातीवर गेलं. हे वाचल्यावर मी माझ्या यादीतून नाकावर भाकरी तोलण्याचा खेळ काढून टाकला. गावठी कुत्रं भाकरी तोलणारं नाही, ती परसात पुरणारं आहे. पुरणं आणि हुंगून काढणं हाच त्याचा खेळ करावा. ‘शोध’ हा या पुस्तिकेतला सगळ्यात सोपा खेळ आहे आणि पावसाळ्यात घरात अडकून पडल्यावर सगळ्यात उपयोगी.

हाच खेळ मोठा झाला की काय होतं, ते मुंबईनं पाहिलं आहे. पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला ‘जंजीर’ पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला होता. १९९३ च्या स्फोटांच्या काळात त्याच्या नाकानं ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब सापडले अशी नोंद आहे. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानानं निरोप दिला. स्फोटकं म्हणजे काय हे जंजीरला माहीत असण्याचं कारण नाही. ठरावीक वास शोधला की मास्तर खूश होतो आणि बक्षीस मिळतं, एवढंच त्याला माहीत. पाहुण्याला उपयोग हवाच असेल तर त्यानं इथं थांबावं. मी पुढे जातो, कारण माझा मोत्या काही शोधणार नाही, माझी चप्पल सोडून.

“आमचं गावठी हाय, त्याला काय येणार?” हे वाक्य मी रोज ऐकतो. म्हणणाऱ्याच्या डोळ्यापुढे लॅब्रेडॉर असतो. हल्ली गेवराई-बीडकडून अशी पिल्लं आणायची टूम निघाली आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा ती दाट केसांची जनावरं रांजणाशेजारी जीभ काढून पडलेली पाहवत नाहीत. गावठ्याची अक्कल कमी नसते. कोलकात्याजवळच्या आयसर या संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या शहरांतल्या १६० मोकाट कुत्र्यांवर केलेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन झाकलेली भांडी ठेवायची आणि अनोळखी माणसानं एकाकडे बोट दाखवायचं. जवळपास निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. माणसाचा त्यांना आलेला अनुभव लक्षात घेता त्यांनाही मी शहाणंच म्हणेन. पण जी आली, त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. ज्यांना कुणी कधी काही शिकवलं नाही, अशी ही कुत्री. जन्मापासून दारात वाढलेल्या तुमच्या वाघ्याला रामराम येणार नाही असं समजायचं कारण नाही. अडचण भीतीची असते. पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचं असताना माणसांचे हात, पोरांचा आवाज, मोटारसायकल, कुकरची शिट्टी हे सगळं त्याच्या कानाडोळ्यांखालून प्रेमानं गेलं, तर ते जन्मभर निर्धास्त राहतं. त्या वयात त्याला ‘हाड’ तेवढं ऐकवलं, तर पुढे भाकरीचा डोंगर रचूनही ते हातभर अंतर ठेवतं. मोठ्या कुत्र्यालाही शिकवता येतं, वेळ जास्त लागतो इतकंच.

आता त्या अर्ध्या उत्तराकडे येतो. दसरा झाला की या भागातली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता. संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो आणि पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतो. काही कुत्री टोळीबरोबर जातात, फडाशेजारच्या कोपीची राखण करतात. बाकीची मागे राहतात, म्हाताऱ्या माणसांबरोबर आणि शाळेसाठी ठेवलेल्या पोरांबरोबर. पोरांच्या जेवणासाठी शाळांत हंगामी वसतिगृहं चालतात, रात्री पोरं आजीपाशी झोपतात. मार्चएप्रिलमध्ये कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत त्या घरात तीन जीव असतात: आजी, नातू आणि कुत्रं.

असा एक नातू, चौथीतला, मोत्याचं बघून माझ्याकडे येऊ लागला. त्याचं कुत्रं काळं, हडकुळं, आईबाप गेल्यापासून वेशीपर्यंत जाऊन बसणारं. पोरगं बोलायचं कमी. मी त्याला म्हटलं, रोज पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं दिवे लागायच्या आधी, त्याहून जास्त नाही. एका वेळी एकच खेळ. जमलं की थांबायचं, जमलं म्हणून आणखी चार वेळा करून घ्यायचं नाही. पहिल्या आठवड्यात कुत्रं त्याच्या हातातला तुकडा हिसकून पळायचं. दुसऱ्या आठवड्यात बसायला लागलं. तुकडा नाकाच्या वर धरून मागे सरकवला की मान वर जाते आणि बूड आपोआप टेकतं, यात जादू काही नाही. पण त्या पोराचा चेहरा मी पाहिला आहे. आपण सांगितलं आणि कुणीतरी ऐकलं, हा अनुभव त्या वयाच्या किती पोरांना येतो?

रात्री आजीच्या फोनवर आईबापांचा फोन यायचा. आधी तेच तेच: जेवलास का, शाळेत गेलास का, आजीला त्रास देऊ नको. मग पोरानं कुत्र्याचं सांगायला सुरुवात केली. आज बसलं. आज लोळलं. आज गोल फिरलं पण उलटं फिरलं. फडावरून दमून आलेली आई विचारायची, आज काय शिकलं रं ते? आणि त्यावर दहा मिनिटं बोलणं चालायचं. आजी मला म्हणाली, “पोरगं फोनवर बोलायलंय बघा आता.” कुत्र्याला लोळायला येण्याचा उपयोग विचारणारा पाहुणा मला पुन्हा भेटला, तर मी त्याला काही सांगणार नाही, रात्री आठला त्या घरासमोरून चालत जा म्हणेन.

पुस्तिकेबद्दल चार गोष्टी सांगून टाकतो. तिच्यात चौदा खेळ आहेत. ‘ठो’ म्हटल्यावर मरून पडायचा खेळ तिच्यात नाही. तो लोकप्रिय आहे, पण मी नोकरीत मेलेली कुत्री पुष्कळ पाहिली. मागच्या दोन पायांवर उभं राहून हात जोडणंही नाही, कारण जड किंवा म्हाताऱ्या कुत्र्याच्या कमरेला ते सोसत नाही. आपल्या रामरामाला एक पाय पुरतो. तुकडा हरभऱ्याएवढा असावा, भाकरीचा, उकडलेल्या अंड्याचा, बिनमिठाच्या शेंगदाण्याचा. कालवणात भिजवलेला नको: कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतात, मनुका आणि चॉकलेटही विषारी. उन्हाळ्यात शिकवणी सूर्य वर यायच्या आत. सिमेंटच्या रस्त्यावर उलटा हात ठेवून बघा, तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. आणि पहिला खेळ सुरू करण्याआधी रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली टोचावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. पोराचा हात रोज त्याच्या तोंडाजवळ जाणार आहे. खेळताखेळता दात लागलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काहीही भरू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून इथं मी विनोद करत नाही.

आणखी एक नियम तुम्हाला पुस्तिकेत जागोजागी सापडेल. खेळासाठी असा शब्द निवडा, जो घरात दुसऱ्या कशासाठी वापरात नाही. एक शब्द, एक काम. हा नियम मी त्या चौथीतल्या पोराला सांगायला विसरलो. त्याला कुत्र्याला रामराम शिकवायचा होता, पण नवा शब्द काही कुत्र्याच्या कानात शिरेना. पोरानं डोकं चालवलं. कुत्र्याला सगळ्यात ओळखीचा शब्द कुठला? ‘हाड’. त्यानं गुपचूप तोच लावला. ‘हाड’ म्हटलं की बसायचं आणि उजवा पाय वर करायचा. परसात, आजीच्या नकळत, पंधरा दिवस शिकवणी चालली.

मग एका सकाळी आजी चुलीपुढे भाकरी थापत असताना कुत्रं उंबऱ्यात आलं. आजी ओरडली, “हाड!” कुत्रं बसलं आणि पाय वर केला. आजीनं हातातलं फुंकणं उगारलं आणि आणखी जोरात ओरडली. कुत्र्यानं पाय आणखी वर केला. ती जितकं ओरडायची, तितकं ते नेटानं रामराम करायचं. दुपारी ती माझ्याकडे आली. “डाक्टर, आमचं कुत्रं येडं झालंय का हो?” मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? ती जरा थांबली. म्हणाली, “काय करणार? हात जोडून बसल्यावानी बसलं. टाकली अर्धी भाकर.”

आता ते कुत्रं दिवसातून चार वेळा चुलीसमोर उंबऱ्यात येऊन बसतं, आजी ‘हाड’ म्हणायची वाट बघत.